कात्रजला उतरलेली मुलं

रविवारी संध्याकाळी साताऱ्याकडून घाट उतरून आलेली एसटी कात्रजच्या चौकात थांबते, तेव्हा स्वारगेट अजून पाच-सहा किलोमीटर लांब असतं. तरी बरीचशी गाडी इथेच रिकामी होते. उतरणाऱ्यांत अठरा ते बावीस वयाची मुलंमुली जास्त. पाठीवर सॅक, हातात घरून बांधून दिलेली पिशवी. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, लाडवांचा डबा, धुऊन घडी घातलेले कपडे. चौकातून ही मुलं पांगतात. कुणी धनकवडीकडे, कुणी आंबेगावात, कुणी संतोषनगरला, कुणी शेअर रिक्षानं नऱ्ह्याला. कऱ्हाड, विटा, इस्लामपूर अशा गावांमधून निघालेली एक अख्खी पिढी गेली चाळीस वर्षं या चौकात उतरते आहे.

कात्रज असं का झालं, त्याला इतिहास आहे. सांगली जिल्ह्यातल्या सोनसळहून पुण्यात आलेल्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये भारती विद्यापीठ स्थापन केलं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं, आणि भारतीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आणि धनकवडीचं पीआयसीटी ही दोन्ही त्याच वर्षाची. १९८९ मध्ये भारतीचं वैद्यकीय महाविद्यालय आलं. १९९३ मध्ये सिंहगड संस्था उभी राहिली आणि आंबेगाव-नऱ्हे-वडगावच्या टेकड्यांवर कॉलेजांच्या इमारती चढल्या. पेशव्यांनी ज्या तलावातून शहराला पाणी नेलं, त्याच्या भोवतालची शेतं एक-दोन दशकांत ‘कॉट बेसिस’च्या पाट्यांनी भरून गेली. एका खोलीत तीन कॉट, भिंतीत एक कपाट, खाली मेस.

या खोल्यांमध्ये रोज रात्री नऊ-साडेनऊला एक फोन येतो. जेवलास का? झाला का अभ्यास? पैसे आहेत ना? तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर असतं, हो. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दुसऱ्यांदा राहिलेली असते, हजेरीच्या डिफॉल्टर यादीत नाव लागलेलं असतं, चार दिवस झोप नसते. तरी उत्तर ‘हो’च. फोन करणाऱ्याचं प्रेम खरं असतं, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यालाही आईबापाला दुखवायचं नसतं. मग या दोन खऱ्या भावनांच्या मधोमध ही शांतता कुठून येते? हा लेख त्या शांततेबद्दल आहे. आईवडिलांनी मुलाला कसं वाढवलं, मुलाचा मूळ पिंड कसा आहे आणि कॉलेजच्या वर्षांत त्याचं मन कसं राहतं, या तीन गोष्टींची गाठ मानसशास्त्रज्ञ साठेक वर्षं सोडवत आहेत. त्यांना जे सापडलंय ते आपल्या घरांपर्यंत फारसं पोचलेलं नाही, आणि जे पोचलं ते बरंच मोडतोड होऊन.

*

सुरुवात डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंपासून करावी लागते. १९६० च्या दशकात त्यांनी बालवाडीतली मुलं आणि त्यांचे पालक यांचं निरीक्षण केलं आणि पालकांचे तीन प्रकार मांडले. हुकूम सोडणारे, मोकळं सोडणारे, आणि नियम ठेवूनही मुलाचं ऐकून घेणारे. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्यात चौथा घातला, लक्षच न देणारे. पालकत्वावरच्या व्याख्यानांत हे चार कप्पे इतक्या वेळा फिरले आहेत की आपण कोणत्या कप्प्यात बसतो हे शोधायचा एक खेळच झालाय.

मला त्याहून मोलाची वाटते ती सिडनीच्या गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये तयार केलेली पंचवीस वाक्यांची प्रश्नावली. ती प्रौढांना विचारते: वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत तुमची आई कशी होती? मग तेच प्रश्न वडिलांबद्दल, वेगळे. उत्तरांतून दोनच गोष्टी मोजायच्या. माया किती मिळाली, आणि आपल्यावरचा ताबा किती होता. नैराश्यानं त्रस्त झालेल्या रुग्णांच्या आठवणींत पार्कर यांना एक जोडी पुन्हा पुन्हा दिसली. माया कमी आणि ताबा जास्त. त्यांनी तिला जे नाव दिलं त्याचा आशय मायेविना पहारा असा होतो.

ही प्रश्नावली भारतासह जगभर विद्यार्थ्यांवर वापरली गेली आहे. पण आपल्या घरांना ती जशीच्या तशी लावताना थांबावं लागतं, कारण आपल्याकडे धाक ही प्रेमाच्या उलटी गोष्ट मानलीच जात नाही. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातली आई पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर पाठवते. बॉमरिंड यांच्या कप्प्यांत ती आई ‘हुकूम सोडणाऱ्यां’मध्ये जाईल. पण ते पुस्तक वाचून मराठी माणसाला आठवते ती माया. १९९४ मध्ये रूथ चाओ या संशोधकबाईंनी चिनी वंशाच्या कुटुंबांबद्दल नेमकं हेच मांडलं. तिथली कडक शिस्त पाश्चात्त्य कप्प्यांत बसत नाही, कारण मुलं तिला वळण लावणं समजतात आणि त्या शिस्तीबरोबर आईची सततची जवळीक असते. धाकाचा अर्थ त्याच्या आजूबाजूला काय आहे यावर ठरतो.

म्हणून मी धाकाच्या विरोधात हा लेख लिहीत नाहीये. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती वरवर पाहता फार सौम्य असते.

ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये ताब्याचे दोन भाग केले. एक वागण्यावरचा: रात्री दहाच्या आत घरी ये, मोबाइल बाहेर ठेवून झोप, पैशांचा हिशेब दे. दुसरा मनावरचा: तुला काय वाटायला हवं हे मी ठरवणार, आणि तसं वाटलं नाही तर माझं प्रेम आटेल. पहिल्यानं मुलांचं फारसं बिघडत नाही, लहान वयात कित्येकदा भलंच होतं. दुसऱ्याचं नातं मात्र मुलांच्या नैराश्याशी आणि चिंतेशी पुन्हा पुन्हा जोडलं गेलं आहे. आता आपल्या घरातली वाक्यं आठवा. ‘तुझ्यासाठी आम्ही पोटाला चिमटा काढला.’ ‘तू असं करशील असं वाटलं नव्हतं.’ ‘बाबांचं बीपी वाढलं तुझ्या निकालानं.’ आणि सगळ्यांत जड म्हणजे अबोला. निकाल लागल्यावर दोन-दोन दिवस आई बोलत नाही, ताट मात्र वाढते. यातल्या एकाही वाक्यात ओरडणं नाही, मार नाही. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं काहीच नाही. पण मूल त्यातून शिकतं की आपल्या गुणपत्रिकेवर आईची तब्येत आणि तिची माया दोन्ही अवलंबून आहेत. मग कात्रजच्या खोलीत एम-थ्री राहिली तर ते फोनवर कसं सांगणार?

धाक असलेल्या घरातलं मूल शिक्षेला भिऊन लपवतं. मनावर ताबा असलेल्या घरातलं मूल आपल्यामुळे कुणीतरी मोडून पडेल या भीतीनं लपवतं. दुसरी भीती घर सोडलं तरी सुटत नाही, ती एसटीतून सोबत येते.

*

पण इथंच थांबलं तर गोष्ट अर्धवट राहील, आणि आईबापांवर अन्यायही होईल.

एका घरात दोन भाऊ वाढतात. वडील तेच, त्यांचा आवाज तोच, दहावीच्या वर्षी काढून टाकलेलं केबल तेच. थोरला ते सगळं कानाआड करून मित्रांकडे जातो, धाकटा रात्रभर छताकडे बघत पडतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि ‘पिंडच तसा’ म्हणून सोडून दिलेलं असतं. मानसशास्त्रानं या पिंडाचं मोजमाप करायचा बराच प्रयत्न केला आहे. आज बहुतेक संशोधक स्वभावाची पाच अंगं धरतात: लोकांत मिसळण्याची ओढ, मनमिळाऊपणा, नेटकेपणा आणि चिकाटी, नव्याचं कुतूहल, आणि भावनिक अस्थिरता. हे शेवटचं अंग म्हणजे लहानशा धक्क्यानं घाबरणं, खिन्न होणं, चिडणं आणि मग त्यातून लवकर वर न येणं. रोमन कोटोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १७५ अभ्यास एकत्र करून पाहिलं. नैराश्य, चिंतेचे विकार, व्यसनं अशा सगळ्या नेहमीच्या मानसिक आजारांशी या अस्थिरतेचं नातं घट्ट होतं. नैराश्य आणि चिंतेच्या बाबतीत तर फारच.

हा पिंड येतो कुठून? जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांची बेरीज करून २०१५ मध्ये जे सरासरी उत्तर निघालं, त्यानुसार माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी सुमारे ४० टक्के वाटा आनुवंशिकतेचा. उरलेला परिस्थितीचा. पण त्या परिस्थितीतही एकाच घरातल्या दोन भावंडांना सारखी मिळणारी परिस्थिती थोडी आणि प्रत्येकाची वेगळी अशी जास्त. ज्या आईबापांनी दोन मुलं वाढवली आहेत त्यांना हे कोणत्याही संशोधनाशिवाय ठाऊक असतं.

न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं शंभरावर तान्ह्या मुलांचा ती मोठी होईपर्यंत माग ठेवला. काही बाळं पहिल्यापासून सोपी, काही अवघड, काही हळूहळू रुळणारी. पण अवघड बाळाचं पुढे वाईटच होतं असं त्यांना आढळलं नाही. ठरवणारी गोष्ट होती जुळणी, म्हणजे मुलाचा पिंड आणि घराची अपेक्षा एकमेकांना मानवतात का. बुजऱ्या मुलाला वेळ देणारं घर मिळालं तर ते फुलतं, आणि त्याच मुलाला गणपतीच्या स्टेजवर ढकलणारं घर मिळालं तर आकसतं. मला या सगळ्या शास्त्रात ही गोष्ट सर्वांत कामाची वाटते. ‘चांगले पालक कसे असतात’ हा प्रश्न मुलाचं नाव घेतल्याशिवाय विचारताच येत नाही. थोरल्याला चालून गेलेला शब्द धाकट्याला लागतो, आणि त्यात बोलणाऱ्याचा हेतू कुठे बदललेला असतो?

याचा दुसरा पैलू असा की मूलही पालकाला घडवतं. सतत काळजीत असणाऱ्या मुलाच्या आईला दिवसातून पाच फोन करायची सवय लागते. त्या पाच फोनांनी मुलाला वाटू लागतं की जग खरंच धोक्याचं आहे आणि आपण ते एकट्यानं पेलू शकत नाही. कोणी सुरू केलं, याला उत्तर नसतं.

आणखी एक सावधगिरी. पालकत्व आणि विद्यार्थ्यांचं मन यावरचे बहुतेक अभ्यास विद्यार्थ्यालाच विचारतात की तुझे आईवडील कसे होते. ज्याचं मन आत्ता काळवंडलेलं आहे त्याला आठवणीही काळ्याच दिसतात. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. ब्राइस मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांवरच्या डझनावारी अभ्यासांची बेरीज केली. मुलामुलांतल्या चिंतेच्या फरकाचा सुमारे ४ टक्के भाग पालकत्वानं उलगडतो आणि नैराश्याच्या फरकाचा सुमारे ८ टक्के, असं निघालं. हे आकडे लहान वयाच्या मुलांचे आहेत, तरी कॉलेजच्या मुलाचा आजार ऐकून ‘आमचं कुठं चुकलं’ म्हणत बसलेल्या आईबापांना कुणीतरी ते सांगायला हवेत. चार टक्के आणि आठ टक्के. दुर्लक्ष करण्याइतकं थोडं हे नाही, पण सगळा दोष डोक्यावर घेऊन बसावं एवढं तर नक्कीच नाही. त्या अपराधाच्या भावनेत गेलेले आठवडे मुलाच्या उपचारांना लागायला हवे होते.

*

उरलेल्या भागात मग काय काय असतं? पैसा असतो. एक एकर विकून किंवा बँकेचं कर्ज काढून भरलेली फी असते. अशा घरात बाप एक शब्दही बोलला नाही तरी मुलाला हप्ता ऐकू येतो. इथे संगोपनाची पद्धत शोधत बसण्यात अर्थ नाही. शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्ती वेळेवर मिळणं, फीची रचना, हे सरकारचे आणि संस्थांचे प्रश्न आहेत. भाषा असते. बारावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा पहिल्या ओरलला इंग्रजीत अडखळतो आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतो. जात असते. २०१९ मध्ये मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी गेल्या; जातीवरून झालेल्या छळानं, असा आरोप होता. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबादचा विद्यार्थी रोहित वेमुला याच्या आई राधिका वेमुला, या दोघींनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवा. विद्यार्थ्यांच्या मनाची चर्चा ‘घरून संस्कार, घरून ताण’ एवढ्यावर आणून ठेवणं संस्थांना सोयीचं असतं. या दोन आयांनी बोट नेमकं संस्थांकडे वळवलं.

मुलींचं आणखी वेगळं. मुलाच्या फोनवर फक्त प्रश्न येतात, मुलीच्या फोनवर लोकेशन चालू ठेवावं लागतं. होस्टेलचं गेट तिच्यासाठी लवकर बंद होतं. तिला बरं वाटत नाही हे तिनं घरी सांगितलं तर पुढची शक्यता डॉक्टरची नसून परत बोलावून घेण्याची असते, आणि त्यापुढे लग्नाची. ती गप्प राहते याला तिचा स्वभाव कारण आहे असं कुणी म्हणू नये. तिनं परिस्थिती बरोबर ओळखलेली असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. मी हा आकडा वाचल्यावर खूप वेळ पुढे वाचू शकले नाही. एकेका मृत्यूमागे एकच एक कारण शोधण्याचा मोह टाळावा, कारण ते जवळपास कधीच एक नसतं. आणि या आकड्याच्या मागे, मरणापर्यंत न पोचलेली पण कित्येक महिने झोप, भूक, एकाग्रता हरवून बसलेली मुलं किती असतील? जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात आठ देशांतल्या सुमारे १४ हजार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दर तिघांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी एखादा नेहमीचा मानसिक विकार झाल्याचं दिसत होतं. भारत त्या आठांत नव्हता. पण मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश वयाच्या चोविशीपर्यंत सुरू झालेले असतात, असं रोनाल्ड केसलर यांच्या २००५ च्या अभ्यासात अमेरिकेपुरतं दिसलं होतं. म्हणजे आजार अंगात यायचं वय आणि घर सोडून कात्रजला उतरायचं वय एकच.

*

यात दिलासा देणारी गोष्ट कोणती? पिंड दगडावरची रेघ नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की तरुणपणीच, विशी ते चाळिशीच्या दरम्यान, माणसाचा स्वभाव सर्वांत जास्त बदलतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो स्थिरतेकडे झुकतो. २०१७ मध्ये त्यांनी दोनशेहून अधिक उपचार-अभ्यास तपासले. काही महिन्यांच्या उपचारांनीही स्वभावाच्या पाच अंगांपैकी जे सर्वांत जास्त हललं ते भावनिक अस्थिरतेचं. जे अंग सर्वांत जास्त छळतं तेच उपचारांना सर्वांत जास्त दाद देतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘तू आहेसच असा’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे वाचावं.

मराठीत उपचारांच्या या वाटेची माहिती नवी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि भारतात रुजवली. तिचं म्हणणं साधं आहे. पेपर राहिला ही घटना. ‘पेपर राहिला म्हणजे मी नालायक’ ही त्या घटनेवर आपण चढवलेली समजूत. आणि मन कोसळतं ते त्या समजुतीनं. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था हे विचार विद्यार्थी-पालकांपर्यंत नेते आहे. पुण्यात संजीवनी कुलकर्णींनी १९८७ मध्ये सुरू केलेलं ‘पालकनीती’ आहे, शोभा भागवतांनी वाढवलेलं गरवारे बालभवन आहे. पालकत्वाबद्दल इतकं शहाणपणानं बोलणारं शहर महाराष्ट्रात दुसरं क्वचितच असेल. पण हे शहाणपण लहान मुलांच्या पालकांसाठी आणि बरंचसं शहरात राहणाऱ्यांसाठी होतं. माण-खटावच्या ज्या बापानं मुलाला कात्रजच्या गाडीत बसवलं, त्याच्यापर्यंत ते गेलं नाही. आणि मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्व संपलं, आता फक्त फी, असं सगळ्यांनीच धरून चाललं.

पूर्वी असं नव्हतं, आणि हे मी जुनं ते सोनं म्हणून सांगत नाहीये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्यात मुलाच्या जेवणाची, अभ्यासाची आणि मनाचीही जबाबदारी घेणारं कुणीतरी होतं. १९५५ मध्ये पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली तीही खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठीच, आणि त्यांची वसतिगृहं आजही आहेत. घर आणि कॉलेज यांच्या मधला हा तिसरा माणूस. तो बाप नसतो, म्हणून त्याला आपण नापास झालो हे सांगता येतं. तो परीक्षकही नसतो, म्हणून सांगितल्याची किंमत मोजावी लागत नाही. कॉट बेसिसच्या व्यवस्थेत हा माणूसच नाहीसा झाला. खोलीमालकाला भाडं कळतं, कॉलेजला हजेरी कळते.

कॉलेजांत जीएफएम असतात, म्हणजे वीसेक मुलांवर नेमलेले पालक-शिक्षक. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जीएफएमचं काम हजेरी कमी पडली की घरी फोन लावण्यावर येऊन थांबतं. त्यांच्याही डोक्यावर लेक्चर, सबमिशन, तपासणी समित्यांच्या फायली असतात, त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पण मुलाच्या बाजूनं बघा. ज्या माणसानं मदत करायची तोच पहिला फोन घरी लावतो. सकाळी उठू न देणारं नैराश्य आणि हजेरीतली घट ही एकच गोष्ट असू शकते हे त्या फोनमध्ये कुणालाच दिसत नाही. घरी पोचते ती एवढीच बातमी: तुमचा मुलगा कॉलेजला जात नाही. आणि त्या रात्रीच्या फोनवर आयुष्यभराचं ‘पोटाला चिमटा काढला’ एकदम ऐकू येतं.

*

आता कायदा काय म्हणतो ते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २३ व्या कलमानं मानसिक आजार असलेल्या माणसाला आपल्या आजाराबद्दल गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि जिवाला धोका असण्यासारखे अपवादही तिथेच सांगितले आहेत. अठरा वर्षांचा विद्यार्थी कायद्यानं प्रौढ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. २५ जुलै २०२५ ला त्याच न्यायालयानं पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतली एक: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. पालकांसाठी जाणीवजागृतीचे कार्यक्रमही त्या सूचनांत आहेत.

समुपदेशक नेमला जाईल, त्याच्या खोलीवर पाटीही लागेल. पण त्या खोलीत मूल जाईल का, हे पुन्हा घरावरच ठरतं. ज्या मुलाला वाटतं की इथं बोललेलं रात्री आईला कळेल, ते दाराशीही जाणार नाही. म्हणून मला प्रवेशाचा दिवस महत्त्वाचा वाटतो. तो एकमेव दिवस असा असतो की बाप, आई आणि मूल तिघंही कॉलेजच्या आवारात एकत्र असतात, हातात कागदपत्रांची फाइल घेऊन. त्या दिवशी समुपदेशकानं तिघांना समोर बसवून पाचच मिनिटं सांगावं: तुमचं मूल माझ्याकडे आलं तर मी ते तुम्हाला कळवणार नाही. त्याच्या जिवाला धोका दिसला तर मात्र त्याला सांगून तुम्हाला फोन करीन. हे बापानं ऐकावं, आणि बाप ऐकतोय हे मुलानं पाहावं. जीएफएमनं घरी फोन लावण्याआधी मुलाला एकदा चहाला बसवून विचारावं, असाही नियम कॉलेजला एका परिपत्रकात करता येईल.

आणि घरच्या फोनबद्दल. तीन प्रश्नांच्या जागी पालकांनी आधी स्वतःचं काहीतरी सांगावं. यंदा ऊस किती निघाला, म्हशीचं काय झालं, दुकानात कोणाशी भांडण झालं, बारावीला आपण स्वतः कसे गटांगळ्या खाल्ल्या होत्या. बाप मोडून न पडता अपयशाबद्दल बोलू शकतो हे कळलं की मुलालाही वाक्य सापडतं. ज्या मुलाचा पिंड हळवा आहे त्याला अबोल्याची शिक्षा कधीच देऊ नये, आणि ज्याचा पिंड घट्ट आहे त्याला काही लागतच नाही असं धरून चालू नये. मूल फोनवर ‘काही नाही’ म्हणालं आणि आवाज नेहमीचा नसला, तर पुढची एसटी पकडून यावं. रागावायला नाही, जेवायला.

कॉलेजच्या वसतिगृहांत हेल्पलाइनचे फलक लागतील, पण कात्रज-आंबेगावातली कितीतरी मुलं वसतिगृहात राहतच नाहीत. त्यांना रोज दोन वेळा पाहणारी माणसं आहेत ती मेसच्या मावशी आणि डबा पोचवणारी मुलं. कोण चार दिवस जेवायला आलं नाही, कोणाचा डबा तसाच परत येतो, हे त्यांना जीएफएमच्या कितीतरी आधी कळतं. परिसरातल्या कॉलेजांनी वर्षातून एकदा या मेसचालकांना बोलावून चहा द्यावा, कोणती लक्षणं बघायची ते समजावावं आणि समुपदेशकाचा मोबाइल नंबर द्यावा. त्याला निविदा लागत नाही, मंजुरी लागत नाही. जून-जुलैत नवी मुलं येतात, त्याआधी हे करता येईल.